'चार्ज' : लाइट बिलात, गॅसच्या बाटल्यात, कोर्टात आणि सातबारावर

मांडवीकर

बडोद्यातल्या एका वाचनवर्गासाठी इंग्रजी शब्दांचे छोटे टिपण करतोय. वर्गातली निम्मी मंडळी घरी मराठी बोलतात पण शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे मराठी प्रतिशब्द कोणता द्यायचा यावर नेहमी अडतं. या खेपेचा शब्द 'चार्ज'. सोपा वाटला म्हणून घेतला आणि फसलो. ही पाच वाक्ये पाहा :

१. द एजन्सी चार्ज्ड अस ट्वेल्व्ह हंड्रेड रुपीज फॉर चार्जिंग द एसी.
२. द सेक्रेटरी हॅज टेकन ॲडिशनल चार्ज ऑफ द ट्रेझरर्स पोस्ट.
३. द कोर्ट फ्रेम्ड चार्जेस अगेन्स्ट द फर्स्ट अक्यूज्ड. द सेकंड वॉज डिस्चार्ज्ड.
४. द फ्लॅट इज सब्जेक्ट टू अ चार्ज इन फेवर ऑफ द बँक.
५. द चिल्ड्रन वेअर लेफ्ट इन द चार्ज ऑफ द वॉचमन.

पाचही ठिकाणी चालेल असा एकच मराठी शब्द आहे का? नसेल तर कोणता अर्थ कुठे घ्यायचा, हे ओळखायची काही खूण?

---

लालशाई

एकच शब्द नाही, पण मूळ एकच आहे, आणि ते धरलं की पाचही वाक्यं सुटतात. लॅटिनमधे 'कारुस' म्हणजे चाकांची मालगाडी. त्यावरून 'कारिकारे', म्हणजे गाडीत माल भरणे, ओझे लादणे. जुन्या फ्रेंचमधून ते 'चार्ज' होऊन इंग्रजीत आलं. कार, कॅरी, कार्गो हे त्याच घरातले. कॅरिकेचरसुद्धा, कारण व्यंगचित्रात नाक-कान 'जास्त भरतात'.

तेव्हा वाक्य समोर आलं की विचारायचं : कोणावर काय लादलं? गिऱ्हाइकावर पैसे, अधिकाऱ्यावर काम, आरोपीवर आरोप, फ्लॅटवर कर्ज, बंदुकीत दारू, बॅटरीत ऊर्जा.

गंमत अशी की हीच उपमा आपल्याकडेही आहे. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार (म्हणजे सरचार्ज), विद्युत प्रभार, कर्जाचा बोजा. सगळीकडे ओझंच. राज्यघटनेच्या ११२व्या अनुच्छेदात संचित निधीवर (सरकारच्या मुख्य तिजोरीवर) 'चार्ज्ड' असलेल्या खर्चाची यादी आहे : राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन वगैरे. त्याला मराठीत 'भारित खर्च' म्हणतात. संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तिथे 'आकारलेला खर्च' असं भाषांतर केलंत तर वाचणारा फीबद्दल वाचतोय असं समजेल.

मराठीत बोलताना आपण अर्थ क्रियापदावरून ओळखतो, लक्षात येत नाही इतकंच. चार्ज लागतो, पडतो म्हणजे पैसे. चार्ज घेतो, सोडतो, सोपवतो म्हणजे पद. चार्ज ठेवतात म्हणजे आरोप. चार्ज होतो, उतरतो म्हणजे बॅटरी. गोंधळ घालतं ते एक 'करणे' : 'त्याने मोबाइल चार्ज केला' आणि 'त्याने मला शंभर रुपये चार्ज केले'. तिथे माणसाला लागलेला 'ला' आणि रुपयांचा आकडा बघायचा.

---

थकबाकी

पैशांच्या अर्थापुरतं लिहितो, कारण पत्रव्यवहारात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

इंग्रजीत रचना अशी : चार्ज + माणूस + रक्कम + फॉर + काम. 'दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर द रिपेअर.' दोन्ही कर्मं लागून येतात, मधे काही नाही.

आपल्याकडे हमखास लिहितात : 'दे चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड फ्रॉम मी'. मराठीतलं 'माझ्याकडून' आणि गुजरातीतलं 'मारी पासेथी' डोक्यात असतं, म्हणून 'फ्रॉम' घुसतं. चूक आहे. 'फ्रॉम' हवंच असेल तर क्रियापद बदला : 'दे टुक फाइव्ह हंड्रेड फ्रॉम मी'.

'टु'चं प्रकरण निराळं. 'चार्ज इट टु माय अकाउंट' म्हणजे माझ्या खात्यावर मांडा, नावे टाका. 'टु'नंतर खातं येतं. रक्कम थेट माणसाच्या नावापुढे 'टु' लावून जोडू नका.

'फ्री ऑफ चार्ज' बरोबर. त्यात 'अ' किंवा 'द' घालायचं नाही. 'फ्री ऑफ कॉस्ट' आपल्याकडे पाटीपाटीवर दिसतं, समजतंही, पण बाहेरगावच्या पत्रात 'फ्री ऑफ चार्ज' लिहा.

आणखी एक. वस्तूची ती प्राइस, प्रवासाचं ते फेअर, डॉक्टर-वकील-शाळेची ती फी, पुलावरचा तो टोल, दंडाचा तो फाइन. सेवेचा तो चार्ज. 'व्हॉट इज द चार्ज ऑफ धिस शर्ट' असं विचारलं तर दुकानदार हसणार नाही, पण वाक्य चुकलेलं आहे.

मराठी प्रतिशब्द : शुल्क किंवा आकार. महाराष्ट्रातल्या वीजबिलावर 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असे रकाने असतात. बडोद्यात वाढलेल्या मुलाला 'आकार' म्हटलं की गोल-चौकोन आठवतात, त्यामुळे वर्गात आधी सांगून ठेवा.

---

गेज_मॅनिफोल्ड

पहिल्या वाक्यातला दुसरा 'चार्जिंग' आमच्या धंद्यातला. एसीच्या बाहेरच्या युनिटवर नेमप्लेट असते. तिच्यावर गॅसचं नाव (आर-३२, आर-४१०ए, जुन्या मशीनवर आर-२२) आणि त्यापुढे 'चार्ज' म्हणून ग्रॅममधे किंवा किलोत आकडा. हा चार्ज म्हणजे आत भरायचं प्रमाण. किंमत नाही, दाब नाही.

'गॅस चार्ज करणे' याचा नीट अर्थ असा. आधी नायट्रोजन भरून लीक शोधायचा आणि बंद करायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं एकक) खाली न्यायचा आणि पंप बंद करून ते टिकतं का बघायचं. मग सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून नेमप्लेटवरच्या ग्रॅमइतका गॅस सोडायचा. पाइप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मॅन्युअलमधे दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे ते दिलेलं असतं. आर-४१०ए दोन वायूंचं मिश्रण, ते द्रवरूपातच भरायचं, नाहीतर प्रमाण बिघडतं.

यातलं काहीच न करता नुसता गेज लावून 'प्रेशर बघून' थोडा गॅस सोडणे याला टॉप-अप म्हणतात. बिलावर मात्र 'गॅस चार्जिंग' लिहिलेलं असतं. गॅस आपोआप संपत नाही, गेला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न काढता भरलेला चार्ज पुन्हा जाणार. त्यामुळे बिल वाचताना विचारा : फुल चार्ज केलंत की टॉप-अप, आणि किती ग्रॅम?

---

विश्वामित्री_काठ

मग 'द मेकॅनिक ओव्हरचार्ज्ड' म्हणजे गॅस जास्त भरला की पैसे जास्त घेतले?

---

गेज_मॅनिफोल्ड

दोन्ही होतं :) कर्म बघा. 'ओव्हरचार्ज्ड द युनिट' म्हणजे गॅस जास्त. डिस्चार्ज साइडचा (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूचा) दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर खेचतो, गारवा कमी होतो. 'ओव्हरचार्ज्ड द कस्टमर' म्हणजे खिसा कापला. 'अंडरचार्ज'लाही तसंच. गॅस कमी पडला की आतल्या कॉइलच्या सुरुवातीला बर्फ धरतो आणि उरलेली कॉइल कोरडी, कोमट राहते.

---

कूलंब

बॅटरीबद्दल एक गैरसमज या शब्दानेच तयार केलाय, तो इथे काढतो.

भौतिकशास्त्रात चार्ज हा पदार्थाचा गुणधर्म. मराठी पाठ्यपुस्तकात 'विद्युत प्रभार', धन आणि ऋण. गुजरातीत 'विद्युतभार', हिंदीत 'आवेश'. म्हणजे गुजराती आणि मराठी दोघांनी ओझं ठेवलं, हिंदीने सोडलं. एका इलेक्ट्रॉनचा (ऋण) प्रभार सुमारे १.६०२ × १०⁻¹⁹ कूलंब. कूलंब हे प्रभार मोजायचं एकक. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलंब. फोनवर ५००० एमएएच लिहिलं असेल तर ते ५ अँपिअर-तास, म्हणजे १८,००० कूलंब.

पण फोन चार्ज करताना हे १८,००० कूलंब बॅटरीत *साठत नाहीत*. एका टोकाने जेवढा प्रभार आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. एकूण बॅटरी पूर्वीही उदासीन (धन आणि ऋण प्रभार सारखे), नंतरही उदासीन. साठते ती रासायनिक ऊर्जा. तेव्हा 'बॅटरी चार्ज करणे' याचं भाषांतर 'बॅटरी प्रभारित करणे' असं केलं तर शास्त्राच्या दृष्टीने चुकीचं आणि ऐकायला भयंकर. मराठीत 'चार्ज करणे'च ठेवा. फुगा लोकरीवर घासला तर तो मात्र खरोखर *प्रभारित* होतो.

हा शब्द विजेत आला कसा? १७४०च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन लायडन जारवर (वीज साठवायच्या काचेच्या बरणीवर) प्रयोग करत होता. जार 'भरतो' आणि एका झटक्यात 'सुटतो', म्हणून ठासणीच्या बंदुकीची भाषा : चार्ज म्हणजे ठासणे, डिस्चार्ज म्हणजे बार उडवणे. ओळीने मांडलेल्या जारना त्याने 'बॅटरी' म्हटलं, म्हणजे तोफांची रांग. आपण फोनला 'बॅटरी चार्ज कर' म्हणतो ते अक्षरशः तोफखान्याचं वाक्य आहे.

आता लाइट बिल. त्यावरचा 'एनर्जी चार्ज' म्हणजे ऊर्जेचे *पैसे*, विद्युत प्रभार नव्हे. आपण प्रभाराचे पैसे देतच नाही, तो तारेतून येतो तसा परत जातो. पैसे ऊर्जेचे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, ३६ लाख ज्यूल.

---

काळाकोट

तिसरं आणि चौथं वाक्य माझ्याकडे.

आरोपाचा चार्ज. 'अक्यूज'ला *ऑफ* लागतं, 'चार्ज'ला *विथ*. 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ थेफ्ट'. 'चार्ज्ड फॉर थेफ्ट' लिहू नका, कारण 'फॉर' पैशांच्या अर्थाला बांधलेलं आहे, चोरीचं बिल लावल्यासारखं वाटतं. कलम सांगायचं तर 'अंडर'. अर्थातही फरक आहे. आरोप शेजारीही करू शकतो, तो अक्यूज. चार्ज अधिकृत असतो.

आपल्या वर्तमानपत्रांत 'चार्जशीट' आणि 'चार्ज' यांची सर्रास सरमिसळ असते. चार्जशीट पोलीस देतात, तो तपास संपल्याचा अहवाल. मराठीत दोषारोपपत्र. १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३खाली जातो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं. 'चार्ज फ्रेम' मात्र *कोर्ट* करतं : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक कृत्य, अमुक कलम, आणि आरोपीला वाचून दाखवतात. मराठीत दोषारोप निश्चित करणे. गुजरातीत याला 'तहोमतनामुं' म्हणतात. मूळ अरबी 'तोहमत', हा शब्द जुन्या मराठीतही आहे. तेव्हा 'चार्जशीट दाखल' म्हणजे खटला सुरू झाला असं नाही, आणि गुन्हा सिद्ध झाला असं तर मुळीच नाही.

डिस्चार्ज. तिसऱ्या वाक्यात 'सेकंड वॉज डिस्चार्ज्ड'चं भाषांतर 'दुसरा निर्दोष सुटला' केलंत तर चूक. निर्दोष सुटणे म्हणजे ॲक्विटल, ते खटला चालल्यावर. डिस्चार्ज म्हणजे दोषारोप ठेवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून त्याआधीच वगळणे. मराठीत 'दोषमुक्त' आणि 'निर्दोष मुक्त' असे दोन शब्द कोर्टात वेगळे वापरतात, बातमीत एकच होतात. फरक कागदी नाही. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. दोषमुक्त झालेल्याला ते संरक्षण नाही.

मिळकतीवरचा चार्ज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १००. कर्जाला मिळकत तारण, पण मिळकतीतला हक्क सावकाराकडे हस्तांतरित होत नाही, तो चार्ज. हक्क हस्तांतरित झाला तर ते मॉर्गेज, गहाण, कलम ५८. मराठीत चार्जला 'बोजा' किंवा 'भार'. गुजरातच्या सातबारावर रकानाच आहे : 'बोजा अने बीजा हक्कनी विगतो'. कंपनीने घेतलेल्या कर्जाचा चार्ज ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो, कर्ज फिटल्यावर तो उतरवल्याची नोंद वेगळी. फ्लॅट घेताना बँकेचा ना-हरकत दाखला पुरत नाही, बोजा उतरल्याची नोंद झाली का ते बघायचं.

आणि थकबाकी यांच्यासाठी : बिलावरचा 'फिक्स्ड चार्ज' म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, आणि कर्जाच्या कागदावरचा 'फिक्स्ड चार्ज' म्हणजे ठरावीक मालमत्तेवरचा बोजा. त्याच्या उलट 'फ्लोटिंग चार्ज', तो गोदामातल्या बदलत्या मालावर असतो. दोन्ही कागद एकाच फायलीत असतात.

---

थकबाकी

असतात खरे. आणि दोन्ही वेळेवर भरावे लागतात.

---

हवालो

'इन चार्ज'बद्दल. फक्त एका 'द'ने मालक आणि नोकर बदलतात :

'द वॉचमन इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' : वॉचमन सांभाळणारा.
'द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द वॉचमन' : मुलं सांभाळली जाणारी.

'द' गाळलात तर पाचव्या वाक्यात मुलांवर वॉचमन सांभाळायची जबाबदारी येते. खरं तर काही घरांत तेच होतं, पण लिहिणाऱ्याला ते म्हणायचं नसतं.

नाम म्हणून 'इन्चार्ज' (वॉर्ड इन्चार्ज, स्टोअर इन्चार्ज) ही आपली भारतीय घडण. इंग्लंडात 'द पर्सन इन चार्ज' म्हणतील. इथे चालतं, अर्ज बाहेर जाणार असेल तर बदला. 'हर यंग चार्जेस' असं कुठे वाचलंत तर ते पैसेही नाहीत, आरोपही नाहीत, तिच्यावर सोपवलेली लहान मुलं.

गुजराती माध्यमवाल्यांना दुसरं वाक्य सांगायला सोपं आहे. 'वधारानो हवालो' म्हटलं की सगळं समजतं. मराठीत 'अतिरिक्त कार्यभार'. 'हवाला' मराठीतही आहे, पण आता त्याचा वास बदललाय. मराठी वाक्यात 'खजिनदाराचा हवाला घेतला' लिहिलंत तर सोसायटीत चौकशी बसेल.

---

लालशाई

हवालो यांचा मुद्दा मोलाचा. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याची पत वेगळी. बडोदे संस्थानात हा प्रश्न कचेरीतच उभा होता. १९३१ साली 'श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरु' निघाला तो यासाठीच : राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय. म्हणून मांडवीकरांना सुचवेन की वर्गात तीन रकाने करा, इंग्रजी-मराठी-गुजराती. एकाच शब्दावर अडून बसू नका.

---

विश्वामित्री_काठ

लाठीचार्ज राहिला. तो कुठल्या खात्यात?

---

लालशाई

चाल करून जाण्याच्या. भाला समोर धरून घोडा अंगावर घालणे, तो चार्ज. बैल अंगावर आला तर 'द बुल चार्ज्ड ॲट हिम'. इथे *ॲट* लागतं. 'लाठीचार्ज' हा भारतीय इंग्रजी शब्द, ब्रिटनमधे 'बॅटन चार्ज' म्हणतील. मराठीत लाठीमार किंवा लाठीहल्ला आहेच. फक्त 'पोलिसांनी लाठीचार्ज मारला' असं लिहू नका, अलीकडे दिसायला लागलंय.

---

मांडवीकर

सगळ्यांचे आभार. वर्गासाठी असं ठरवलंय, चूक असेल तर सांगा :

१. एसीत गॅस भरण्याचे एजन्सीने आमच्याकडून बाराशे रुपये घेतले.
२. सेक्रेटरींनी खजिनदारपदाचा अतिरिक्त कार्यभार घेतला आहे.
३. न्यायालयाने पहिल्या आरोपीवर दोषारोप निश्चित केले. दुसऱ्याला दोषमुक्त केले.
४. फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे.
५. मुलांना वॉचमनच्या ताब्यात दिले होते.

पाच वाक्यांत 'चार्ज' एकदाही आला नाही, आणि कुठे अडलंही नाही.

---

काळाकोट

पहिली चार ठीक. पाचव्यात 'ताब्यात' नको. ताबा म्हणजे कस्टडी, वॉचमनने मुलं पकडून ठेवल्यासारखं वाटतं. 'वॉचमनवर सोपवले होते' करा.

---

गेज_मॅनिफोल्ड

आणि पहिल्यात 'गॅस भरण्याचे'पुढे किती ग्रॅम तेही लिहा.